शेवटच्या चारीचं पाणी आणि मामांचं इंजेक्शन

मागच्या पंधरवड्यात मामा येऊन गेले. मामा म्हणजे आईचे सगळ्यात धाकटे भाऊ, परभणी जिल्ह्यात मानवतकडं आठ एकर रान, तीस वर्षं चुना-तंबाखू, आणि दीड वर्षामागं उजव्या गालाचा कॅन्सर. आपल्याकडं प्रत्येक भावकीत असा एक तरी माणूस सापडतोच, त्यामुळं त्याचं जास्त काही सांगत नाही. जबडा निम्मा काढला, मांडीचं मांस गालाला लावलं, लाईटचे शेक झाले, केमो झाली, सुटलो एकदाचे म्हणून तुळजापूरला जाऊन आले आणि सहा महिन्यांनी मानेत परत गाठ. बोलणं आता अर्धंच कळतंय, पण टोमणे मारायची सवय काही ऑपरेशनात निघाली नाही.

मी संभाजीनगरला फार्मसी कॉलेजवर शिकवतो, म्हणजे डॉक्टर नाही, पण गावाकडं त्याला काही किंमत नसते. कुणाला ताप आला तरी गोळीच्या पाकिटाचा फोटो मलाच. आणि मामांच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातल्याच शिपाई पेशींना कॅन्सरवर सोडायचा उपचार, हा शब्द काढल्यापासून तर माझा फोन म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी झालाय.

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पूर्ण डोसाच्या खर्चाचा आकडा ऐकून मामी आत निघून गेल्या होत्या आणि मामा मला घेऊन रानात आले. बांधावर बसले, तोंडावरचा रुमाल सरकवला आणि म्हणाले, "भाचेबुवा, हे औषध टोचायलेत कुठं?"

म्हणलं, शिरेत. सलाईनमधून.

"म्हणजे सगळ्या अंगात फिरणार."

हो.

"मग गाठीला किती भेटणार? का आमच्या चारीसारखंच?"

ज्यांना चारीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैठणच्या नाथसागरातून जो डावा कालवा निघतो तो जालना जिल्ह्यातून खाली परभणीपर्यंत येतो, दोनशे किलोमीटरच्या वर लांबी, आणि मामांची चारी, म्हणजे कालव्यातून रानाकडं जाणारा फाटा, पार शेवटाला. पाळी सुटली की पेपरात येतं, इतके क्युसेक सोडले वगैरे, पण वरच्या अंगाचे लोक मोटारी टाकून बसलेलेच असतात, कुठं दारं फोडलेली, कुठं कालवाच पाझरतोय, आणि मामांच्या रानापर्यंत येता येता त्या पाण्याची नुसती ओल उरते. पाणी सोडलं हे पण खरं आणि पाणी आलं नाही हे पण खरं. मी एम.फार्म.ला दोन वर्षं टार्गेटेड ड्रग डिलिव्हरी, म्हणजे औषध नेमक्या जागी कसं पोचवायचं ते, शिकलो, त्याच्यावर सेमिनार दिले, पण इतक्या कमी शब्दात तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तर त्या दिवशी बांधावर जे सांगायचा प्रयत्न केला आणि नंतर महिनाभर वाचून जे माझं मलाच थोडंफार समजलं ते इथं लिहून ठेवतोय.

आधी इम्युनोथेरपीचं. आपल्या रक्तात टी-पेशी म्हणून शिपाई असतात, त्यांना ब्रेक असतो, पीडी-१ नावाचा. ब्रेक लागतोच, नाहीतर ते घरच्याच लोकांना झोडपतील. कॅन्सरची पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन मिरवते, ते जाऊन त्या ब्रेकवर बसतं आणि शिपाई जागच्या जागी गार. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही जी इंजेक्शनं आहेत ती या दोघांच्या मधे शिरतात आणि ब्रेक दाबू देत नाहीत. शिपायांच्या अशा ब्रेकवरच्या कामाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, त्यातलं पीडी-१ होंजो यांचं. पण ब्रेक सगळ्या अंगातले सुटतात, गाठीतल्याच शिपायांचे नाही. म्हणून मग कुणाचं थायरॉईड बिघडतं, कुणाला जुलाब लागतात ते थांबत नाहीत, कुणाच्या फुप्फुसाला सूज.

आणि ही तर त्यातल्या त्यात सभ्य औषधं. इंटरल्युकिन-१२ म्हणून एक आहे, आयएल-१२ म्हणतात, शरीरातच बनतं, शिपायांना पेटवण्यात त्याच्यासारखं दुसरं नाही. १९९० च्या दशकात ते पेशंटना शिरेतून देऊन बघितलं तर ट्रायलमधे दोन जण दगावले आणि गाडी थांबली ती कित्येक वर्षं. औषध वाईट नव्हतं हो, पाणी सगळ्या शिवारात सोडलं गेलं. तसंच दुसरं स्टिंग नावाच्या अलार्मला चालू करणाऱ्या औषधांचं, गाठीत गेलं तर सोनं, रक्तात मोकाट सुटलं तर अंगभर सूज-ताप, आणि रक्तात ते टिकतही नाही फार वेळ.

म्हणजे ठिबक पाहिजे. आणि इथूनच पुड्यांची गोष्ट चालू होते.

मी मामांना म्हणलं, आपल्या अंगातल्या जवळपास सगळ्या पेशी सतत पुड्या बांधून बाहेर टाकत असतात. पुडी हा शब्द ऐकल्यावर मामांच्या डोळ्यात जी चमक आली ती मामींनी बघितली नाही हे बरं झालं.

शास्त्रात याला एक्सोसोम म्हणतात, मोठ्या कुटुंबाचं नाव एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. साईज साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर दहा हजार पुड्या ओळीनं बसतील. पेशीच्या आत एक पिशवी असते, तिची भिंत आतल्या बाजूला चिमटली जाते आणि छोटी छोटी बुडबुड्यासारखी पिल्लं पिशवीतच पडतात, मग ती मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन चिकटते, फुटते आणि पिल्लं बाहेर. गावजेवणात द्रोणांचा गठ्ठा उघडल्यावर द्रोण पसरतात तसं. पुडीचा कागद म्हणजे पेशीचंच कातडं, आणि त्यावर त्या पेशीचीच प्रोटीनं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की माल कुठल्या दुकानाचा.

हे १९८३ साली दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी लक्षात आलं, माँट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल. दोघांच्या लॅबमधे काम चालू होतं रक्ताच्या लाल पेशी पिकताना त्यांच्या अंगावरचे लोह घ्यायचे हात कुठं जातात याच्यावर, जॉनस्टोनबाईंकडं मेंढीचं रक्त. तर पेशी ते हात पुडीत बांधून बाहेर फेकत होत्या. एक्सोसोम हे नाव पण जॉनस्टोनबाईंनीच १९८७ ला दिलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं सगळ्यांचं मत एकच, हा कचरा आहे, पेशी घर झाडतायत. १९९६ ला ग्रासा रापोसो यांनी दाखवलं की बी-पेशींच्या पुड्या टी-पेशींना जागं करतात. २००७ ला स्वीडनमधे यान लोटवाल यांच्या टीमनं पुडीत आरएनए, म्हणजे पेशीनं काय बनवायचं त्या सूचनांच्या चिठ्ठ्या, सापडल्याचं सांगितलं, ते आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन काम पण करत होतं. मग कुठं लोकांच्या ध्यानात आलं की हा कचरा नाही, ही टपाल आहे.

मला यात सगळ्यात हादरवून टाकणारी गोष्ट वेगळीच वाटली. ही टपाल कॅन्सर आपल्या आधीपासून वापरतोय. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या टीमनं २०१५ ला दाखवलं की गाठीतून निघालेल्या पुड्यांवर पत्ता असतो, इंटेग्रिन नावाची प्रोटीनं, एका जोडीची असली की पुडी फुप्फुसात उतरते, दुसऱ्या जोडीची असली की लिव्हरमधे, आणि तिथं जाऊन ती आधी जागा तयार करते, मग मागून कॅन्सरच्या पेशी मुक्कामाला. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी येऊन भट्ट्या लावून जातात तसं. आणि २०१८ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, पेशंटमधे बघितलं की गाठ आपल्या पुड्यांवर तेच पीडी-एल१ चिकटवून रक्तात सोडून देते. म्हणजे गाठ आहे मानेत आणि शिपायांचे ब्रेक दाबायला माणसं पाठवलीत गावभर. मामांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे हा सरपंचापेक्षा हुशार आहे."

तर विचार असा, की कॅन्सरला जमतं तर आपल्याला का नाही. पुडी आपलीच, कागद आपलाच, आत माल आपल्याला पाहिजे तो भरायचा.

इथं मला थोडं माझं सांगू द्या. एम.फार्म.ला मी लिपोसोम बनवायचो. ते म्हणजे माणसानं बनवलेली पुडी, फ्लास्कमधे क्लोरोफॉर्मात चरबी विरघळवायची, रोटरीवर फिरवत उडवायची, काचेवर दुधाच्या सायीसारखा थर बसतो, पाणी टाकून हलवलं की त्याचे बुडबुडे. याच जातीचं पहिलं मोठं कॅन्सरचं औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं, म्हणजे हा रस्ता मळलेला आहे. लिपोसोमची गंमत ही की त्यात काय आहे ते तुम्हीच टाकलेलं असतं. दहा ग्रॅम करा नाहीतर दहा किलो, रेसिपी तीच. पण शरीराला ते परकं. त्याच्या अंगावर पत्ता नाही, ओळख नाही, आपण वरून डकवू तेवढीच.

मग काही वर्षांनी पुण्यात एका लॅबमधे पंधरा दिवसांचं ट्रेनिंग केलं, तिथं पहिल्यांदा एक्सोसोम वेगळे काढताना बघितले. बघितले म्हणजे काय, बघण्यासारखं काहीच नसतं. पेशी ज्या पाण्यात वाढवल्यात ते पाणी घ्यायचं, आधी हळू फिरवून मेलेल्या पेशी-बिशी खाली बसवायच्या, मग अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे भयंकर वेगानं फिरवणारं मशीन, एक लाख जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर, सत्तर मिनिटं. मग धुवायचं आणि परत सत्तर मिनिटं. समोरासमोरच्या ट्यूबा मिलिग्रॅमपर्यंत तोलून घ्यायच्या नाहीतर मशीन थरथरायला लागतं. आणि ट्यूब आत ठेवायच्या आधी तिच्या बाहेरच्या अंगाला मार्करनं एक टिंब काढायचं. मी विचारलं हे टिंब कशाला, तर ती पीएचडीची मुलगी म्हणाली, सर, बाहेर काढल्यावर तळाला काही दिसणारच नाही, टिंब जिथं आहे तिथंच ते आहे असं समजून वरचं पाणी ओतायचं. ओतलं. मला शपथेवर काही दिसलं नाही. तिनं टिंबाच्या आतल्या बाजूला पिपेट लावून थेंबभर द्रावणात खरवडलं आणि म्हणाली, हे आपले एक्सोसोम. पांडुरंगाच्या भरवशावर चाललेलं काम.

त्यात अजून एक भानगड. पेशी वाढवायला त्यांना खाद्य म्हणून वासराच्या रक्ताचं सीरम घालतात, आणि त्या सीरममधे वासराच्या पुड्या असतात! म्हणजे तुम्ही कष्टानं माणसाच्या पुड्या गोळा केल्या म्हणता आणि त्यात निम्म्या वासराच्या. म्हणून ते सीरम पण आधी रातभर फिरवून साफ करून घ्यावं लागतं. हे त्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला या विषयातली खरी अडचण कळली, पेपर वाचून कळली नव्हती. कल्पनेत खोट नाही, पुडीतही नाही, खोट आहे ती कारखान्यात. एक पेशी एकाच वेळी दहा प्रकारच्या पुड्या टाकते, आज एक, उद्या तिला उपाशी ठेवलं तर वेगळ्याच. आणि औषध म्हणजे काय, तर आजची बाटली आणि पुढच्या वर्षीची बाटली सारखी. आम्ही पोरांना पहिल्या वर्षापासून हेच घोकून घेतो.

तरी पण लोकांनी लावून धरलंय. १९९८ ला फ्रान्समधे लॉरेन्स झिटवोगेल यांनी डेंड्रिटिक पेशींच्या पुड्या वापरून उंदरांच्या गाठी विरघळवल्या. डेंड्रिटिक पेशी म्हणजे शत्रूचा फोटो घेऊन शिपायांना दाखवत फिरणारे मुकादम. त्यांच्या पुडीवर पण फोटो असतोच. मग माणसांवर, पेशंटच्याच रक्तातून पेशी काढून, त्यांच्या पुड्या बनवून परत त्यालाच टोचायच्या. २००५ ला पहिल्या छोट्या ट्रायल आल्या, मेलानोमा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमधे, त्रास विशेष झाला नाही. मग फुप्फुसाच्याच कॅन्सरमधे पुढची, २२ पेशंटची, तिचा रिझल्ट २०१६ ला आला. ठरवलं होतं की निम्म्या लोकांचा आजार चार महिने तरी पुढं सरकायला नको. टिकले ७. म्हणजे ट्रायल पडली. काही जणांच्या दुसऱ्या एका जातीच्या शिपायांमधे, एनके पेशींमधे, जोर आलेला दिसला, पण पडली ती पडली. मला वाटतं हा आकडा प्रत्येक भारावलेल्या लेखात पहिल्या पॅऱ्यात टाकायला पाहिजे, उंदीर बरे झाले हे टाकतात तिथं.

मग मामांचाच प्रश्न, पुडी टोचली की जाते कुठं. तर जाते वरच्या अंगाला! शिरेतून दिलेल्या पुड्यांचा मोठा हिस्सा काही मिनिटांत लिव्हर आणि प्लीहा ओढून घेतात. तिथं मोठ्या खादाड पेशी बसलेल्याच असतात, मोटारी टाकून. नैसर्गिक पुडी म्हणजे आपोआप गाठीत पोचते हा गैरसमज आहे, माझाही होता. काही पुड्यांच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, ते खादाड पेशींना सांगतं की मला खाऊ नको मी घरचाच आहे, त्यामुळं थोड्या जास्त वेळ टिकतात, ह्यूस्टनचे रघु कलुरी त्याचाच फायदा घेऊन स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधलं एक जीन गप्प करायच्या मागं आहेत. पण तिकडं पण टिकतात थोड्या जास्त, एवढंच.

म्हणून शहाण्या लोकांनी रस्ता बदलला, कालव्यातून सोडायचंच नाही. सरळ रानात टँकर लावायचा. आयएल-१२ पुडीच्या आत न भरता बाहेरच्या अंगाला खिळ्यासारखं ठोकून बसवलं आणि पुडी गाठीतच टोचली, म्हणजे ती तिथंच अडकून राहते, औषध तिथंच काम करतं आणि रक्तात जवळपास येतच नाही. हे अमेरिकेतल्या कोडियाक नावाच्या कंपनीनं केलं, स्टिंगवालं औषध त्यांनी पुडीच्या आत भरलं पण टोचलं असंच गाठीत, माणसांवरच्या ट्रायलपर्यंत गेले आणि २०२३ ला कंपनीचं दिवाळं वाजलं. पैसा संपला. कारखाना महाग पडतो हो. २०२४ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या के चेंग यांच्या टीमनं आयएल-१२ बनवायचा आरएनए पुडीत भरून उंदरांना नाकावाटे हुंगवला, फुप्फुसातल्या गाठीसाठी, म्हणजे दम्याच्या पंपासारखं. हे मला सगळ्यात जास्त पटलं. फुप्फुसाला आतून दार आहेच, तर शिरेतून फिरवायचं कशाला.

आणि दूध. हे मी मामांना मुद्दाम शेवटी सांगितलं कारण त्यांच्याकडं दोन म्हशी आहेत. दुधात पुड्या असतात, चिक्कार असतात. अमेरिकेत लुईव्हिलला रमेश गुप्ता यांच्या टीमनं गाईच्या दुधातल्या पुड्यांमधे पॅक्लिटॅक्सेल भरून उंदरांना तोंडावाटे दिलं. पॅक्लिटॅक्सेल ही केमो, मामांनी सोसलेली. एरवी ती सलाईनमधूनच द्यावी लागते आणि तिला विरघळवायला एरंडेलापासून केलेलं जे द्रव्य वापरतात त्याचंच रिअ‍ॅक्शन येतं म्हणून आधी दोन-तीन इंजेक्शनं वेगळी. लॅबच्या टाकीत लिटरभरातून जेवढं निघत नाही तेवढं डेअरीत सकाळी फुकट वाहतं, कारखान्याची अडचण निम्मी तिथंच मिटते. आता हे केमोचं झालं, इम्युनोथेरपीचं नाही, पण मामा एकदम म्हणाले, "मग म्हशीला काय टोचायचं ते सांग, मी रोज तांब्याभर पितो." म्हणलं मामा, असं नसतंय.

असं नसतंय हे सांगायला मला आता जास्त काम लागायलंय. मागच्या महिन्यात मामांच्या पोरानं एक जाहिरात पाठवली. कुठल्याशा सेंटरची, नाव लिहीत नाही. एक्सोसोम थेरपी, गुडघे, केस, शुगर, आणि खाली बारीक अक्षरात कॅन्सरसुद्धा. सोबत पांढरा कोट घातलेल्या माणसाचा व्हिडिओ आणि तो जे बोलतोय त्यातलं निम्मं खरं, तोच तर प्रॉब्लेम, एक्सोसोम नैसर्गिक असतात हे खरं, पेशी-पेशीत निरोप नेतात हे खरं. त्यानं बाटलीत कुणाच्या पेशीच्या पुड्या भरल्यात, किती, त्यात जंतू आहेत का, हे मात्र काही नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या खात्यानं, आजपर्यंत एकही एक्सोसोमचं औषध मंजूर केलेलं नाही, उलट २०१९ च्या डिसेंबरात लोकांना सावध केलं होतं कारण नेब्रास्कात असली इंजेक्शनं घेऊन लोक आजारी पडले. आणि ज्यांच्या गाठीच्या पुड्याच रोग पसरवतायत त्या माणसाला कुठल्याही पेशीच्या पुड्या टोचायच्या म्हणजे काय डोकं ठिकाणावर आहे का. पोराला फोन करून इतका ओरडलो की नंतर मलाच वाईट वाटलं. तो तरी काय करणार, बापासाठी गूगल करायलाय.

तर मामांचं काय झालं. पूर्ण डोस म्हणजे दर पंधरा दिवसाला २४० मिलिग्रॅम निवोलुमॅब, रान विकावं लागलं असतं आणि मामा म्हणाले रान विकायचं असेल तर मला आत्ताच त्या बांधावर पुरा. मग डॉक्टरांनी दुसरा पर्याय काढला, आणि तो मला या सगळ्या नॅनोपेक्षा मोठा वाटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधे एक ट्रायल झाली, तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमधे, जिथं बरं होण्यासारखं राहिलेलं नाही असे १५१ पेशंट. सगळ्यांना स्वस्तातल्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब, आणि निम्म्यांना त्याच्यासोबत निवोलुमॅब, पण दर तीन आठवड्याला फक्त २० मिलिग्रॅम. पूर्ण डोसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवाले १६.३ टक्के हयात होते आणि इंजेक्शनवाले ४३.४ टक्के. हे प्रत्येक कॅन्सरला लागू नाही, स्वतःचं स्वतः ठरवू नका, पण तोंडाच्या कॅन्सरचा माणूस घरात असेल तर डॉक्टरांना विचारा तरी.

इतक्यात कसं भागतं? तर हे इंजेक्शन बसतं टी-पेशीच्या ब्रेकवर, आणि टी-पेशी काही नुसत्या गाठीत नसतात, रक्तातच फिरत असतात. खुर्च्या मोजक्या. थोड्याच डोसात बहुतेक खुर्च्या भरून जातात, पुढचं औषध नुसतं उभं राहतं. म्हणजे मामांच्या इंजेक्शनला पुडीची गरजच नव्हती! मी महिनाभर वाचून शेवटी इथं येऊन पोचलो. प्रत्येक औषधाला शेवटच्या चारीपर्यंत जावं लागत नाही. ज्याला रक्तातच काम आहे त्याला थोडं सोडलं तरी चालतं. पुडी लागते ती आयएल-१२ सारख्याला, स्टिंगवाल्याला, ज्याला एकाच वाफ्यात जायचंय आणि बाकी रान जळायला नको. माझे सहकारी सगळ्यालाच नॅनो लावायला निघतात, सेमिनारला बरं दिसतं, मी पण त्यातलाच.

आता सहा डोस झालेत. गाठ कमी झालीय असं नाही, पण वाढली नाही, आणि मामा सोयाबीनच्या राशीवर बसून माणसांवर ओरडू शकतात. दर तीन आठवड्याला आदल्या दिवशी तपोवन एक्स्प्रेसनं येतात, आमच्याकडं मुक्काम, आई मऊ मुगाची खिचडी करते, त्यांना तिखट चालत नाही आणि ते दरवेळी ठेचा मागतात.

इंजेक्शनची सगळ्यात छोटी बाटली येते ४० मिलिग्रॅमची. मामांना लागतं २०. उरलेलं ठेवता येत नाही, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरनं जोडी लावून दिलीय, बीडकडचे एक रिटायर मास्तर आहेत, तोच आजार, तोच डोस. दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळेला हजर राहायचं, एक बाटली फुटते, निम्मी ह्याच्या सलाईनमधे, निम्मी त्याच्या, बिल अर्धं अर्धं. एक नाही आला तर दुसऱ्याला पूर्ण बाटलीचे पैसे. दोघांनाही नीट बोलता येत नाही पण फोनवर त्यांचं अर्धा अर्धा तास चालतं, काय कळतं एकमेकांचं देव जाणे.

मागच्या वेळी मास्तरांची एसटी गेवराईच्या पुढं पंक्चर झाली. अकराची वेळ, साडेबारा वाजले, सिस्टर दोनदा येऊन गेली. मी म्हणलं मामा, पूर्ण बाटलीचे पैसे मी देतो, उशीर नको. मामांनी रुमाल तोंडावरून काढला, माझ्याकडं बघितलं आणि सावकाश एकेक शब्द लावत म्हणाले, "त्यांची पाळी आहे. थांब."

पाऊण वाजता मास्तर जिना चढून आले, घामाघूम, हातात पिशवी. पिशवीत मामांसाठी बियाणं होतं, कसल्याशा वाणाची तूर, एक किलो, पुडीत बांधलेली.